दोन कानांची गाठ

अप्पा गेल्याचं मला आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कळलं. तेलगावच्या शाळेत सातवीचा तास चालू होता, खिशात फोन थरथरत राहिला म्हणून पाहिला. सगळ्यांनी हात जोडलेले. कुणी तरी ‘माजलगावच्या पाखरांचा बाप गेला’ असं लिहिलेलं. मी फोन खिशात टाकला आणि फळ्यावरचे अपूर्णांक पूर्ण केले. आज दीड महिन्यानं लिहितोय ते काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, सांगितलं म्हणून. ‘चांगलं लिव्हा मास्तर,’ म्हणाल्या. चांगलं जमेल की नाही माहीत नाही, खरं लिहितो.

महालिंगअप्पांचं माजलगावात बी-बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी तारेवर नवा पक्षी दिसला की हे कॅमेरा घेऊन रस्त्यावर. त्यांनी मला दुर्बीण हातात दिली, हे मान्य. ‘आधी कान लाव, डोळा मागून,’ हे त्यांनीच शिकवलं. धरणाच्या मागच्या पाण्यावर थापट्या आणि तलवार ह्या बदकांतला फरक मी त्यांच्याशेजारी चिखलात पालथं पडून शिकलो. पण अप्पांचं शिकवणं फुकट नसायचं. कॅमेऱ्याचं तिकाटणं माझ्या खांद्यावर, घरटं मी शोधायचं, फोटोखाली नाव त्यांचं. वर चारचौघांत ओळख करून द्यायची, ‘हा आमचा मास्तर. नजर घारीची, पन गाठ मोळीवाल्याची!’ आणि सगळे हसायचे.

ह्या गाठीचं सांगायला पाहिजे. घरट्याच्या आड येणारी फांदी अप्पा तोडू द्यायचे नाहीत. सुतळीनं मागं ओढून बांधायची, दहा मिनिटांत फोटो उरकायचे, जाताना सोडायची. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, हा त्यांचाच नियम. सुतळी दुकानातली आणि गाठही दुकानातली, पुड्याला बांधतात तशी दोन कानांची सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी. मला ती शेवटपर्यंत जमली नाही. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. बाप उसाची मोळी बांधायचा तसा मी बांधायचो, पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी. झालो, पण हात बापाचेच राहिले. त्याची मला लाज नाही. अप्पांना मात्र त्यात गंमत सापडली होती.

नऊ वर्षं झाली. मे महिना होता. धरणाच्या अलीकडं एका बाभळीत मी छोट्या खाटीक पक्ष्याचं घरटं शोधलं, आत तीन पिल्लं. अप्पांनी फांदी बांधली, फोटो काढायला बसले. मादी येऊन चोचीतला नाकतोडा भरवत होती. तेवढ्यात दुकानातून फोन आला, खताची गाडी आलीय. ‘तू हो म्होरं, तिकाटणं बांध गाडीला. आलोच,’ म्हणाले. मी पुढं गेलो. ते पाच मिनिटांनी आले, किक मारली, निघालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच गेलो. फांदी तशीच मागं बांधलेली. घरट्यावर सावलीचा टिपूस नव्हता, आणि आमच्याकडचं मेचं ऊन… तिन्ही पिल्लं वाळून घरट्याला चिकटली होती. मादी शेजारच्या काटकीवर बसून होती, चोचीत नाकतोडा तसाच. मी सुतळीचं टोक ओढलं. एका झटक्यात गाठ सुटली.

त्याच फोटोला बीडच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. तिथं कुणी तरी विचारलं, अप्पा, ती पिल्लं मेली म्हणे? अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘फांदी ह्यानं बांधलती. सोडायची राहिली. नवीन हाय, जाऊ द्या.’

‘अप्पा, गाठ तुमची होती,’ मी म्हणालो.

‘आं? गाठीवर नाव लिव्हलंय का बे माझं?’

पुन्हा सगळे हसले. त्या दिवसापासून ग्रुपात मी पिल्लं मारणारा मास्तर झालो. नवख्या पोरांना माझं उदाहरण देत. मी ग्रुप सोडला नाही, सोडला असता तर कबुली झाली असती. अप्पांच्या दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढलो नाही. बापानं एकदा विचारलं, ‘कावून जात न्हाईस रं आता?’

परवा भेटायला गेलो ते काकूंसाठी. आतल्या खोलीत अप्पांची तसबीर, तिच्या खाली तोच खाटकाचा फोटो, पण मी कधी न पाहिलेला. बीडला लावलेला कडेनं कापलेला होता. हा अख्खा.

‘ह्यो त्यांनी कुनाला दिला न्हाई,’ काकू म्हणाल्या. ‘म्या म्हनलं, कडंला ती सुतळी दिसतीय, कापून टाका की. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. रोज हितंच बसून च्या प्यायचे.’

मी जवळ गेलो, तसबिरीवरून लोंबणारा हार बाजूला सारला. उजव्या कोपऱ्यात ताणलेली फांदी, तिच्यावर सुतळी, आणि सुतळीला दोन कान. स्वच्छ, दुकानातल्या पुड्यावर असावेत तसे. नाव लिहिलेलंच होतं, अप्पा.

नऊ वर्षं हा माणूस त्या दोन कानांसमोर चहा पीत बसला आणि तेलगावला एक फोन त्याला करवला नाही. ह्याला कुणी पश्चात्ताप म्हणेल, म्हणू दे. खरं घरात टांगायचं आणि खोटं गावभर वाटायचं, ह्याला आमच्याकडं भेकडपणा म्हणतात.

हात काढला तसा हार पुन्हा लोंबत नेमका त्या कोपऱ्यावर आला. मी काकूंना विचारून स्टुलावर चढलो, हाराचं टोक वर घेतलं आणि खिळ्याला बांधलं. पीळ दिला, टोक आत खोचलं. ती गाठ ओढून सुटत नाही.