आईचं शेवटचं येसर
कोरोनात आई, बाबा अन् माहेरी आलेली मी, तिघंही आजारी पडलो. आईला जालन्याच्या दवाखान्यात नेलं, ती परत आलीच न्हाई. बाबा अन् मी उठून बसलो. ताप उतरला तरी माझा वास गेला अन् चवही गेली. शेजारणी म्हणायच्या, जीव वाचला ना, मंग रडतेस कशाला. त्यांच्या तोंडाला कोण लागणार! वर्ष होत आलं तरी चहा म्हणजे मला गरम पाणी अन् ठेचा म्हणजे नुसती आग. टेंभुर्णीला माहेरी गेले की, माझ्या हातून मीठ जास्त पडंल म्हणून भावजय मिठाचा डबा हळूच माझ्यापासून लांब सरकवायची. बाबांना मात्र आम्ही काही कळू दिलं न्हाई. बायको गेलेल्या माणसाला आणखी कशाचा घोर लावायचा?

आई दर उन्हाळ्यात आमटीचं येसर करायची. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाला, सगळं वेगवेगळं खरपूस भाजून दळायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं की येसर भाजायला बाया तिलाच बोलवायच्या. ती चुलीपासून लांब बसायची अन् वासावरूनच सांगायची, उतरवा आता. तिच्या हातचं शेवटचं येसर बरणीच्या तळाशी उरलं होतं, एका आमटीपुरतं. माझं नाक परत येईस्तोवर त्याला हात लावायचा न्हाई, असं मी भावजयीला बजावलं होतं. मला आई एकदा तरी चाखायची होती, एवढंच.

आईला जाऊन वर्ष झालं, तिच्या आठवणीच्या पुण्यानुमोदनाला बाबा हट्टाला पेटले. आमटी तिच्याच येसरची पाहिजे. मी भांडले, रुसले, ठेवणीतलं राहू द्या म्हणाले. ऐकतील तर ते बाबा कसले! शेवटी बरणी मीच झाडून घेतली. आमटीला उकळी फुटल्यावर पातेल्यावर वाकून जोरात वास ओढला. वाफेनं डोळे तेवढे चुरचुरले.

बुद्धवंदना झाली, पंगत बसली. भाऊ बोटं चाटत म्हणाला, बिलकुल आईच्या हातची. भावजयीनं डोळ्याला पदर लावला. मला दोघांचा इतका राग आला! आई माझी, अन् मलाच काही लागंना.

बाबांनी भाकर चुरून पोटभर आमटी खाल्ली. पाहुणे पांगल्यावर त्यांनी मला ओसरीवर जवळ बसवलं. आसपास कुणी न्हाई हे बघून हळूच म्हणाले,

"माय, त्या आजारापासून मला कशाचीच चव लागत न्हाई. वाटलं, तिच्या हातचं तरी लागंल. न्हाई लागलं. तू सांग, तशीच झाल्ती का?"

मला रडू फुटत होतं. वर्षभर हा माणूस गपगुमान जेवत होता अन् आम्हाला पत्ताच न्हाई.

"तशीच झाल्ती, बाबा. बराबर आईसारखी."

त्यांनी माझा हात धरला. "कशी लागली, नीट सांग की."

मी आठवायला लागले. खरपूस म्हणाले, तिखट म्हणाले, पुन्हा खरपूसच म्हणाले. आईच्या आमटीची चव मला आता आठवतसुद्धा नव्हती.