खर्जावरचं मेण

‘अगदी नव्यासारखी दिसते,’ असं कोणी म्हटलं की मामाजींचा चेहरा उतरायचा. मामाजी म्हणजे माझे सासरे, गावचे सुतार. आमच्याकडे सुना सासऱ्यांना असंच म्हणतात. बंडीचं चाक असो की पोराचा पाळणा, त्यांचं म्हणणं एकच, “नवी नाई कराची. होती तशी कराची.”

मी लग्न होऊन नागभीडकडच्या या गावी आले, तेव्हा दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्याच्या मंडळाची जुनी बाजाची पेटी त्यांनी दुरुस्तीला घरी आणली होती. पूर्वी ती त्यांचे थोरले भाऊ वाजवत. ते गेल्यावर मंडळाच्या पोरांनी ती ‘सुधारली’. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, छकड्याला आणलेला निळा ऑइलपेंट उरला, तो तिला फासला. नव्या गायकाचा आवाज उंच, म्हणून आतल्या, सूर देणाऱ्या पितळी जिभा कानशीने खरडून पेटीचे सूर चढवले.

त्या चढ्या पेटीवर गोमाजींना गाता येईना. गोमाजी तळ्यावर मासे धरणारे, मामाजींचे लहानपणचे सवंगडी. दंडारीत राणी व्हायची ती त्यांनीच. त्या दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते लोकांत बसले होते. “राणी आता खाली बसून फुटाने खाते,” असं कोणी त्यांच्या तोंडावर म्हणालं. गोमाजी हसले. मामाजी हसले नाहीत.

काचेच्या तुकड्याने त्यांनी निळा रंग खरवडला. खालचं सागवान निघाल्यावर त्याला फक्त जवसाचं तेल पुसलं. भात्याला नवं चामडं लावलं. मग सूर. खरडून चढलेला सूर उतरवायचा, तर जिभेच्या टोकावर मेणाचा ठिपका ठेवायचा; वजनाने तो खाली येतो. पण किती खाली? डाव्या टोकाच्या खर्जाच्या सुरांना पोरांनी हात लावला नव्हता, कारण दंडारीत ते वाजतच नाहीत. मामाजी बाकीचे सूर त्यांच्याशी जुळवत. “हे साक्षीदार हायेत, बाई,” ते मला म्हणाले. “यायनं मूळची पेटी पायली हाय.”

तरुण गायक तक्रार घेऊन आला. “काकाजी, मले इतक्या खाली जमत नाई.”

“तू जवान हायेस, उतर. गोमाले चढता येत नाई.”

“मंग पेटी काय गोमाकाकाची होय?”

“पेटी मंडराची. पन ती होती तशी राहीन.”

पुढच्या मंडईत गोमाजी पुन्हा राणी झाले. भर दुपारी, अंगणातल्या मांडवात, मिशा काढून.

मेण मात्र टिकायचं नाही. आमच्याकडचा उन्हाळा, कौलाखाली ठेवलेल्या पेटीतलं मेण सैल होऊन गळायचं आणि सूर पुन्हा चढायचे. म्हणून दर वर्षी धान कापणीला येण्याच्या सुमारास मामाजी पेटी उघडत. मी चुलीवर मेण पातळ करून द्यायची आणि ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. “वाच तू. कान इकडं राहू दे,” ते म्हणत, आणि मधेच विचारत, “चढला का?” मी पानावरची नजर न काढता सांगायची. माझा कान असा तयार झाला.

या पावसाळ्यात मामाजी गेले. मंडई जवळ आली तसे गोमाजी पळसाच्या पानात मासे घेऊन आले. “बाई, पेटीचं कसं?”

मी पेटी उघडली. बहुतेक मेण गळालं होतं. पण डाव्या टोकाला, खर्जाच्या रुंद जिभांवर, ते टिकून होतं. थरावर थर. ज्यांना कधी कानस लागलीच नव्हती, त्यांना मेण कशाला?

मामाजींनी साक्षीदारही उतरवले होते, दर वर्षी थोडे.

ओसरीवर गोमाजी सांगत होते, “तुहे मामाजी म्हने, पेटी पयल्यासारखी झाली. आन माहा आवाज पाय, बाई. इतकी वर्सं झाली, काई उतरला नाई.”

“खरं आहे,” मी म्हटलं, आणि चुलीवर मेण ठेवलं. मग त्यांना राणीची पहिली ओळ म्हणायला सांगितली, आणि खर्जापासून सुरुवात केली.

यंदा मेण थोडं जास्त लागलं.