होल्डवरचा मासा

समस्त नातेवाईक, सोसायटीचे सभासद आणि पवना ते इंद्रायणी या टापूत राहणाऱ्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या साडूंनी आपला एक शेरा मागे घेतला आहे. ज्यांना या बातमीचं वजन कळलं नाही, त्यांनी आमचे साडू पाहिलेले नाहीत. या पृथ्वीवर देवाने किंवा माणसाने बनवलेली एकही वस्तू पूर्णपणे सरळ नाही, आणि हे सर्वांना सांगण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, अशी त्यांची श्रद्धा.

याला कारण त्यांची नोकरी. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात त्यांनी उभी हयात घालवली. चांगला भाग आला तर ‘ओके’, शंका असेल तर लाल टॅग लावून ‘होल्ड’, आणि खोट सापडली तर ‘रिजेक्ट’. मराठी भाषेत एवढे तीन शब्द असले तरी काम भागतं, असं त्यांचं मत. निवृत्तीनंतर कंपनीने त्यांना सोडलं, पण ते तपासणीला सोडेनात. आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात. लग्नाला गेले की एक डोळा मिटून मांडवाचा खांब बघतात आणि नवरदेवाच्या काकाला बाजूला घेऊन सांगतात, “डावीकडं झुकलाय, राव.” वाकडला चांगला ऐसपैस फ्लॅट मिळत होता, तो सोडून पिंपळे सौदागरला घेतला, कारण विचारलं तर म्हणाले, “पत्त्यात तो शब्द नको.” माझ्या बायकोने केलेली पुरणपोळी खाऊन त्यांनी एकदा मान हलवली आणि “ओके” म्हटलं, तेव्हा ती आठवडाभर हवेत होती.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का. माहेर चिखलीचं, जुन्या गावातलं. साडू त्यांना बघायला गेले, पोहे खाल्ले आणि मध्यस्थाला बाहेर अंगणात म्हणाले, “मुलगी उत्तम. समोरचा एक दात किंचित वाकडा आहे. कळवतो.” कळवायला चार महिने लावले. अक्कांना चार महिने होल्डवर ठेवून मग ओके केलं. अंगणातलं ते वाक्य दाराआड उभ्या असलेल्या माझ्या बायकोने ऐकलं होतं, आणि अर्थातच अक्कांपर्यंत पोचवलं होतं. तेव्हापासून अक्का हसताना तोंडाला पदर लावतात. साडूंच्या हे कधी ध्यानात आलं नाही. पदर त्यांच्या तपासणीच्या यादीत नव्हता.

निवृत्तीनंतर एकदा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना त्यांना समोरच्या काचेच्या टाकीत रेनबो मासे दिसले. पुढचं अर्धं अंग निळं, मागचं अर्धं नारिंगी. साडू डॉक्टरला दात दाखवायचा विसरून आले आणि मला फोन केला, “काय फिनिशिंग आहे, राव! मधोमध जॉइंट, मास्किंग टेप लावून रंगवल्यासारखा!” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक ऐकून मी घाबरून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आठवड्याभरात हॉलमध्ये चार फुटी टाकी आली. हे मासे झुंडीने इकडून तिकडे पळणारे, त्यांना लांबी लागते. उड्याही मारतात म्हणून वर झाकण. नेमकी अक्कांनी नव्या सोफ्यासाठी राखलेली जागा गेली. साडूंनी गवंड्याची लेव्हल लावून टाकी अशी बसवली की पाण्यालाही सरळ राहण्यावाचून इलाज राहिला नाही. मग आम्ही दोघं थेरगावात डांगे चौकाजवळ चाचांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. चाचांनी दाखवलेली पिल्लं बोटाएवढी आणि राखाडी. साडूंचा चेहरा पडला. चाचा म्हणाले, “साहेब, रेनबो दुकान में नहीं खिलता, घर में खिलता है. वर्ष जाऊ द्या. फक्त मिक्स घ्या, वेगवेगळे दिसतील असे.”

“मिक्स?” साडू दचकले. “लॉट एकसारखा पाहिजे!”

तासभर काचेला नाक लावून त्यांनी सात मासे निवडले. लांबी एक, जाडी एक, रंग एक. चाचांनी आपल्याकडून प्रेमाने आठवा टाकला. घरी येऊन बघतात तो हा आठवा अंगाने जरा रुंद, आणि शेपटीचं टोक एका बाजूला वळलेलं. झालं! त्याची रवानगी स्वयंपाकघरातल्या छोट्या काचपेटीत, वर लाल टॅग: ‘होल्ड’. परत द्यायला गेले, तर चाचा कानावर हात ठेवून म्हणाले, “मछली में क्या फॉल्ट, साहेब?” फॉल्ट मान्य झाल्याशिवाय माल परत करणं साडूंच्या नियमात बसेना. मासा ओट्याच्या कोपऱ्यातच राहिला. कणीक मळता मळता अक्का त्याच्याशी बोलायच्या. “तुलाबी पास न्हाई केलं व्हय रं? ऱ्हा माज्यापाशी.”

वर्ष सरत आलं. सातजण मोठे झाले, पण राखाडी ते राखाडीच. साडूंनी पाणी बदललं, खाणं बदललं, पडदे बदलले. येणारे पाहुणे विचारत, “बोंबील पाळलेत का?” शेवटी अक्कांनी निर्णय दिला, “दसऱ्याला सोफा येनार. तवर रंग आला तर ठीक, न्हाईतर टाकी चाचांकडं.” त्या रविवारी साडू आमच्याकडे आले, कॅलेंडर चांगलं चार बोटं कलंडलं होतं, आणि त्याच्याखाली बसून गुपचूप चहा पिऊन गेले. माझी बायको आत येऊन म्हणाली, “अहो, यांचं काही खरं नाही.” मलाही कळत होतं. रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसत असे, ड्यूटीवर गेल्यासारखा. टाकी गेली असती, तर त्या शर्टाला जायला जागाच उरली नसती.

घटस्थापनेच्या आधी घरोघरी साफसफाई निघते, तशी अक्कांनी काढली. ओटा घासायचा होता, काचपेटी मधे येत होती. साडू खाली सोसायटीच्या आवारात गाद्यांना ऊन दाखवत बसले होते. अक्कांनी काचपेटी उचलली आणि आठवा मासा सरळ मोठ्या टाकीत ओतला. कोणाला काही बोलल्या नाहीत. साडूंनीही त्या दिवशी टाकीकडे बघण्याचं टाळलं, कारण दसऱ्याची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उचलायची असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मदतीला आम्हा नवरा-बायकोला बोलावलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा पूर्वेच्या गॅलरीतून ऊन थेट टाकीवर पडलं होतं. साडू हातात पाण्याचा पाइप घेऊन तसेच उभे. आत एक मासा निळ्या-नारिंगी रंगात नुसता पेटला होता. कपाळावर उजेडाची रेघ चमकवत, पंख फुलवून, बाकीच्या सातांभोवती वरातीतल्यासारखा नाचत होता. आणि शेपूट वाकडी!

साडूंनी चाचांना फोन लावला. चाचांचं हसू आम्हाला दूरवर ऐकू आलं. “साहेब, तो एकच नर! एकसारख्या बघून तुम्ही साती माद्या उचलल्या, त्यांना कुठला एवढा रंग! नर एकटा ठेवला, तर रंग दाखवणार कोणाला?”

फोन ठेवून साडू स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा हातात लाल टॅग होता. त्याच्या त्यांनी चार बारीक चिंध्या केल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “साडूभाऊ, पण मधला जॉइंटसुद्धा सरळ नाही हं. निळ्यात नारिंगी सांडलंय.”

“सांडू दे,” ते म्हणाले.

हा शब्द या घरात पूर्वी कोणी ऐकलेला नव्हता. अक्का नवऱ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, सोफ्यावाल्याला नको म्हून सांगा. आमी खुर्च्यांवर बसू.” आणि त्यांना हसू फुटलं, पोटातून, मोठ्याने. सवयीने पदर तोंडाकडे गेला. साडू त्या पदराकडे बघत होते. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. आणि मग आमच्या देखत, हातातल्या चिंध्या तशाच धरून, तो माणूस ओरडला,

“अगं, राहू दे ना तो पदर खाली! दात वाकडाच छान दिसतो तुझा!”