हिरवं फडकं

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रेल्वेत गेटमन होते. सोलापूरबाहेर ज्वारीच्या रानात त्यांचं फाटक. गाडी आली की हिरवं निशाण धरून उभं राहायचं आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. निवृत्तीच्या वेळी निशाण रेल्वेनं परत घेतलं. सवय तेवढी आबांकडे राहिली. आजीच्या नव्या चोळीचा हिरवा खण फाडून त्यांनी घरचं निशाण केलं. घरातलं कुणी बाहेर निघालं, की आबा दारात उभे.

“निशाण बघितल्याबिगर कुटं निघालास रं?”

“नोकरी सुटली, पण चोळी गेली की माझी!” आजी आतून करवादायची.

आबा गेले आणि ते फडकं माझ्याकडे आलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून मी लेकीला शाळेपासून निशाण दाखवत आलो. डबा विसरली तर लाल रुमाल. तो दिसला की तिनं थांबायचंच.

परवा ती नोकरीसाठी पुण्याला निघाली. कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळं बांधून झालं. खाली रिक्षा सुरू झाली तेव्हा मला निशाण आठवलं. चष्मा कुठंतरी राहिलेला. दोरीवरून हाताला आलं ते ओढलं आणि गॅलरीतून जोरजोरात हलवलं.

रिक्षा करकचून थांबली. लेक तीन मजले पळत वर आली.

“पप्पा, काय झालं? आईला काही झालं का?”

आई धडधाकट, दारात उभी. माझ्या हातात तिचा लाल टॉवेल.

“मुद्दाम केलंत ना?” बायकोनं विचारलं.

मी चष्मा शोधायला लागलो.

“आबांनी तुम्हाला एक दिवस ठेवलं नसतं कामावर,” लेक हसून हसून खाली बसली. मग उठली, कपाटातून विटलेलं हिरवं फडकं काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. “आता नीट दाखवा. तुमचा हात वर झाल्याशिवाय मी रिक्षात बसणार नाही.”

खालून रिक्षावाला ओरडला, “ओ ताई, गाडी जाईल की!”

मी गॅलरीत आलो. ती रिक्षाशेजारी मान वर करून उभी होती. चांगला वेळ लावला मी. मग हात वर केला.

रिक्षा कोपऱ्यावर वळली. समोरच्या गच्चीवरच्या काकूंना वाटलं मी त्यांनाच हात करतोय, त्यांनीही केला. तरी मी तसाच उभा. रिक्षाला शेवटचा डबा नसतो, आणि मग हात कधी खाली घ्यायचा, हे आबांनी कधी सांगितलंच नव्हतं.