गुरविणीची पहार

गुरवीण कुणाला तोंडावर खोटारडा म्हणायची नाही. ती ताट पुढं करायची. पितळेचं ताट, त्यात बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा. "उचला," एवढंच म्हणायची. आमच्याकडं बेलभंडारा उचलून खोटं बोलणं म्हणजे स्वतःच्या लेकरांच्या डोक्यावर धोंडा ठेवणं. महादेवाची पूजा तिच्या घराकडं होती, म्हणून ताटही तिचंच. बांधाचं भांडण असो, कोंबडी चोरीला गेलेली असो, माणसं तिच्या दारात यायची.

भूकंपात देऊळ पडलं. तिचा मुलगा आणि सून दगडाखाली गेले. घरात गुरवीण आणि दोन वर्षांची नात तेवढ्या उरल्या. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, अशा घरांत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निजलो होतो, कधी भ्यायलो नव्हतो. आता पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. एक तिचं शेड, त्याला लागून माझं. देवळातली महादेवाची पिंड तिनं पोत्यावर ठेवून आणली आणि दुसऱ्या दिवशी पूजा केली. मी विचारलं, "या देवानं काय केलं, दिसलं न्हाई का तुला?" ती म्हणाली, "त्यानं काय केलं ते त्याच्यापाशी. भिंत माणसानं रचली होती."

मदतीची ब्लँकेटं आली तेव्हाची गोष्ट. निम्म्या गावात वाटली आणि संपली, असं तलाठ्यानं सांगितलं. गुरविणीनं ताट त्याच्यापुढं ठेवलं.

"भाऊसाहेब, उचला."

"मावशी, सरकारी माणसाला हे चालत न्हाई."

"सरकारी माणसाला लेकरं नसतात का?"

भाऊसाहेब म्हणाले, मला जरा चक्कर यायलीय. त्याच दिवशी गठ्ठे बैलगाडीतून परत आले. "गोदामात मागं राहिले होते," म्हणाले. आम्ही बाया लई हसलो. भूकंपानंतर पहिल्यांदा हसलो असू.

तिला कुणी म्हणालं, देव सगळं बघतो, तर ती म्हणायची, "देव बघतो का न्हाई, मला ठाव न्हाई. गाव बघतंय, तेवढं पुरे." पुजाऱ्याच्या घरची बाई असून असं बोलायची. आमच्या शाळेच्या गुरुजींवर एकदा पोरांना वाटायचे तांदूळ विकल्याचा आळ आला. माणूस निर्मळ होता, तरी बेल उचलताना त्यांचा हात थरथरला. लोक म्हणाले, बघा, चोर आहे. गुरवीण म्हणाली, "खऱ्यालाच भ्या असतंय. सोडा त्यांना."

मग नवीन गाव बांधायला लागलं. इंजिनियर साहेब यायचे, नकाशा दाखवायचे. सांगायचे, भिंतीच्या वरून सिमेंटचा पट्टा फिरवणार, त्यात लोखंडी सळया, मग कितीही हादरलं तरी भिंत सुटत नाही. आम्हाला ते पाठ झालं होतं. दुसरं काही कळो न कळो, लोखंड पाहिजे एवढं कळत होतं. गुरवीण रोज बेल आणायला त्या बांधकामावरून जायची. तिनं सळयांचा ढीग उतरलेला पाहिला. मग तोच ढीग जसाच्या तसा ट्रॅक्टरवर चढून जाताना पाहिला. आणि तोवर पट्टे तर भरून झाले होते.

घरं ताब्यात द्यायच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर साहेबांपुढं ताट धरलं. "सळया घातल्या म्हणून उचला."

साहेबांनी एका झटक्यात पान उचललं, कपाळाला लावलं, भंडाराही लावला. "घातल्यात, मावशी. बिनघोर झोपा."

गावानं टाळ्या वाजवल्या. गुरवीण ताट घेऊन घरी आली, त्यातला भंडारा झटकला आणि मला म्हणाली, "देवाला मधी घालून चुकले. पहारीला घालाय पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी ती नव्या घराच्या ओट्यावर उभी राहिली आणि स्वतःच्याच भिंतीचा पट्टा फोडायला लागली. म्हातारीला जमेना, तेव्हा मी पहार धरली. कोपऱ्यापासून दारापर्यंत फोडलं. आत खडी, वाळू आणि सिमेंटच्या पिशवीचा कागद. सळई एकही नाही.

लोक साहेबांवर चिडतील असं मला वाटलं होतं. ते तिच्यावर चिडले. आत्ता कुठं छप्पर मिळालं, आता राहिलेलं काम बंद पाडतीस काय, असं म्हणाले. तिनं लातूरला चकरा मारल्या. आज साहेब न्हाईत, उद्या या, असं ऐकून परत यायची आणि पुन्हा जायची. शेवटी चौकशी लागली. चौकशीला आलेला मोठा साहेब आमच्या इंजिनियर साहेबांच्याच जीपमधून उतरला. त्यानं फोडलेली भिंत बघितली आणि म्हणाला, "हे एक घर चुकून राहिलेलं दिसतंय. आणखी कुणाची तक्रार आहे?"

तक्रार करायची तर आपली भिंत फोडून दाखवायला पाहिजे. गुरविणीनं पहार मधे टाकली आणि सगळ्यांकडं बघितलं. कुणी उचलली नाही. आमच्या घरूनही कुणी उचलली नाही. नवऱ्यानं माझा दंड धरून ठेवला होता, आणि धरला नसता तरी मी गेले असते असं मला वाटत नाही.

एवढं मात्र झालं. एक ओळ बांधायची राहिली होती. गुरवीण तिथं जाऊन बसायला लागली. सळया घालून दाखवल्याशिवाय ती मिस्त्र्याला पट्टा भरू देत नव्हती. हळूहळू आम्ही बायाही पाळीनं बसायला लागलो. त्या ओळीत लोखंड पडलं. मी डोळ्यांनी बघितलं. ज्यांना ती घरं मिळाली त्यांनी तिला कधी चहाला बोलावलं नाही.

पुढं नात हुशार निघाली. तोवर लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं, गल्लोगल्ली पाट्या लागल्या होत्या. नातीसाठी खोली बघायला गुरवीण गेली, सोबतीला मी. मुलींचं एक तीन मजली होस्टेल दाखवलं. मालक खुर्चीत बसले होते. तेच इंजिनियर साहेब, आता रिटायर झालेले. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही.

गुरविणीनं खांबावर हात ठेवला. "यात लोखंड घातलंय का?"

"हे काय विचारणं झालं, मावशी? स्वतःचं हाय म्हणल्यावर घालणारच की! दुप्पट घातलंय."

तिनं गावाचं नाव सांगितलं. त्यांनी आता तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "तवा वरपर्यंत द्यावं लागायचं. मी एकटा काय करणार होतो?" आवाजात लाजही नव्हती, रागही नव्हता. मग म्हणाले, "तुमच्या नातीचं भाडं कमी करतो."

"कमी करू नका. सगळ्यांचं घेता तेवढंच घ्या."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर खेकसले. "त्याच्याच घरात ठेवतीस पोरीला?"

"भिंत पक्की हाय," ती म्हणाली. नात तिथंच राहून शिकली.

गुरवीण स्वतः त्या नव्या घरात एकही रात्र झोपली नाही. घरात शेळी आणि सरपण, आणि ती मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये. तिथंच गेली. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात आणि भजन करतात. शेडमध्ये जागा नाही म्हणून माणसं तिला घराच्या पुढच्या भिंतीकडं न्यायला निघाली. मी आडवी आले. "त्या भिंतीला टेकवू नको मला," असं तिनं मला बजावलं होतं.

परगावाहून आलेला तिचा पुतण्या मला म्हणाला, "काकू, आता भिंत पडून तिचं काय व्हायचं राहिलंय?"

"काही न्हाई. पण तिला नको होतं."

वाद झाला. नातीनं माझ्या बाजूनं मान हलवली, तेव्हा पुरुष मागं सरले. गुरविणीला शेडच्या खांबाला टेकवून बसवलं आणि लुगड्यानं बांधलं. ऊन रणरणत होतं, पत्रा तापला होता. भजनाला आलेली माणसं सावली बघून तिच्या घराच्या भिंतीला ओळीनं पाठ टेकून बसली.