सोवनींनी वाचलेली ओळ

देवदत्त सोवनींबद्दल मी लिहावं इतकं मला त्यांच्याविषयी माहीत नाही. इथे उत्तरेत, सरोजिनी नगरच्या एका कारखान्यात आम्ही एकोणीस वर्षं बरोबर होतो, आणि त्यांच्या घरी मी एकदाही गेलो नाही. त्यांची मुलगी कुठे दिली तेही आठवत नाही. कदाचित मी विचारलंच नसेल.

आमच्याकडे मोठ्या दाबाच्या टाक्या बनत. वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे निघत. त्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून सोवनी बघत. आत हवेचा बुडबुडा आहे की केसाएवढी भेग, हे ते ठरवत. त्यांची सही झाली की टाकी बाहेर. मी त्याच ऑफिसात कागद सांभाळायचो.

फिल्म बघणाऱ्याचे डोळे दरवर्षी तपासावे लागतात. बारीक अक्षरांचं कार्ड मी हातभर अंतरावर धरायचं, त्यांनी सगळ्यात खालची ओळ वाचायची, मी फॉर्मवर खूण करायची. नापास झाला की सहीचा अधिकार गेला, आणि सही नसलेल्या माणसाला कारखाना कशाला ठेवील? सोवनींची निवृत्ती दीड वर्षावर आली होती.

२०२२ साली जुनं कार्ड पिवळं पडलं म्हणून मी नवं आणलं. सांगायचं राहिलं. सोवनींनी खालची ओळ घडाघडा म्हटली. ती जुन्या कार्डावरची होती.

मी हातातलं कार्ड फिरवून पाहिलं. समोर हिमानी होती, त्यांची ज्युनियर. घरी मराठी, पण आमच्याशी हिंदीच. ती हसून म्हणाली, "सर, आप तो पहाडे की तरह सुना देते हैं."

सोवनींनी माझ्याकडे पाहिलं. "कार्ड बदललंत का?"

"हो."

"मग तुम्हाला कळलंच."

"परत एकदा वाचून बघता का?" मी विचारलं. खरं सांगायचं तर मी खूण करून टाकली असती. मला तेच सोपं होतं.

"नाही दिसत हो. मार्चपासून." बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत, लावत बसले. "नापास लिहा. आणि हिमानी, मार्चपासूनच्या माझ्या सगळ्या फिल्म पुन्हा बघ. मी पास केलेल्या."

"सर, चार सौ होंगी."

"असतील."

तिला नऊ दिवस लागले. एका फिल्मवर भेग निघाली. ती टाकी अजून आवारातच होती. जोड खरवडून पुन्हा वेल्डिंग केलं. टाकी गेली असती तर, हे कुणी बोललं नाही. महिन्याच्या शेवटी सोवनींना कामावरून मोकळं केलं.

त्या संध्याकाळी आम्ही कानपूर रोडवर बसची वाट बघत उभे होतो. एक बस आली.

"कुठली आहे ही?" त्यांनी विचारलं.

"आलमबाग."

"मग तुम्ही जा. मला निशातगंजची हवी."

"बरं," मी म्हणालो. "येतो."