धोंडीभाऊंची पाळीची पाटी

धोंडीभाऊ गेल्याचं मला कारखान्याच्या सायकल स्टँडवर कळलं. सकाळच्या शिफ्टचा भोंगा व्हायला पाच-सात मिनिटं असतील. आमच्या खात्यातला काशिनाथ सायकलला कुलूप लावता लावता म्हणाला, "पहाटे वारले धोंडीभाऊ. रहाटणीला नेतायत." अशा वेळी माणसानं सायकल वळवावी आणि रहाटणीचा रस्ता धरावा. मी मात्र खात्यात गेलो आणि कपडे बदलायच्या कपाटांशेजारच्या भिंतीवरल्या एका खिळ्याकडं बघत उभा राहिलो. खिळा रिकामा होता. तसा तो चार महिने रिकामाच होता. आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. मला अजून काहीच नीट उलगडलेलं नाही, आणि लिहिल्यानं उलगडेल अशी खात्रीही नाही. तरी लिहितो.

धोंडीभाऊ रहाटणीच्या जुन्या घरातले. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास पिंपरीकडं कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा बैल थोरल्या भावाच्या हवाली करून ते लेथवर उभे राहिले. मी साताऱ्याकडचा, त्यांच्यानंतर दोन वर्षांनी हजेरी कारकून म्हणून लागलो. पहिल्या दिवसापासून ते मला 'कारकून'च म्हणायचे. माझ्या लग्नात सासुरवाडीच्या मंडळींनाही त्यांनी "ह्यो आमचा कारकून" अशी ओळख करून दिली होती, आणि सासरे बराच वेळ ते माझं आडनाव समजत होते. त्या खिळ्याला धोंडीभाऊंनी एक शाळकरी पाटी टांगली होती. खात्यातलं कुणी मोठ्या दुखण्यानं पडलं, की ते पाटी काढायचे, वर आजारी माणसाचं नाव, खाली सात वार आणि प्रत्येक वारासमोर एकेकाचं नाव लिहायचे. ज्याचा वार त्यानं इस्पितळात जाऊन उशाशी बसायचं, डबा न्यायचा, घरच्यांना काय हवं-नको ते बघायचं. ज्याला शिफ्ट आडवी यायची, त्याची शिफ्ट बदलून घ्यायचं काम धोंडीभाऊंचं. नाव लिहिण्याआधी कुणाला विचारायची पद्धत नव्हती. पाटीवर नाव आलं की जायचं. कामावर खुणा करायचा खडू त्यांच्या खिशात कायम असायचा, आणि धुण्याच्या दिवशी त्यापायी कौसल्यावहिनींची बोलणी खायचे. मला टायफॉइड झाला तेव्हा घरचं माणूस जवळ नव्हतं. सात दिवस सात जण आले. त्यातला सांगवीचा पठ्ठ्या टायफॉइडच्या माणसासाठी सुकट घेऊन आला होता... त्याच्या प्रेमाबद्दल मात्र मला कधी शंका आली नाही.

ऐंशी साल उलटल्यावर फलकावर एक नोटीस लागली. कामगारांचा सरकारी विमा होताच, विम्याच्या दवाखान्यात औषधपाणी व्हायचं. त्याच्यावर आणखी एक विमा, ज्याला हवा त्यानं घ्यायचा, पगारातून थोडे कापून. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग असल्या मोठ्या आजारांना मोठ्या इस्पितळात उपचार मिळणार होते. अर्ज शनिवारपर्यंत, त्यानंतर नाही. अर्ज भरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. खात्यात नुसता गोंधळ. कुणी म्हणे, सही केली की आजाराला घरचा पत्ता दिलाच. कुणी म्हणे, कुणाचं कुठं दुखतंय हे कंपनीला काढून घ्यायचंय. धोंडीभाऊंनी एकेकाला दंडाला धरून माझ्या टेबलापाशी आणलं. "पोरंबाळं हायत तुला, कर सही," एवढाच त्यांचा युक्तिवाद. गुरुवारी कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले, आणि चहा निवला तरी पिईनात.

"कारकून, एक सांग. ह्यो कागुद केला अन् उद्या मी पडलो, तर माझं नाव पाटीवर येईल का?"

"का नाही येणार?"

"म्हंतील, त्याचा कागुद झालाय, त्याला इस्पितळवाले बघतील. मग कोन बसंल उशाशी? अन् न्हाई केला, तर पाटी हाय. पर पाटीनं रोग थोडाच बरा व्हतोय..."

माझी स्वतःची सही मंगळवारीच झाली होती. ती मी त्यांना सांगितली नाही. का, ते माहीत नाही. पाटीनं मला एकदा उभं केलं होतं, आणि आता मी तिच्यावर भरवसा नाही म्हणतोय असं वाटलं असावं. मी म्हणालो, "बघा तुम्ही. शनिवारपर्यंत वेळ आहे." हे अगदी कारकुनाचं उत्तर झालं. शनिवारी "हिला इचारतो" म्हणून ते कोरा अर्ज घरी घेऊन गेले. संध्याकाळी मी गठ्ठा बांधून वर दिला. त्यात त्यांचा अर्ज आहे की नाही हे मी बघितलं नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. बघितलं होतं. नव्हता. सोमवारी ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्या पायांवर सूज आली. दुखणं मूत्रपिंडाचं निघालं, नोटिशीतल्याच यादीतलं. सरकारी विम्यातून जे होतं ते झालं, पुण्यातल्या इस्पितळात खाट मिळाली. पण नव्या विम्यातून मोठ्या इस्पितळात जी सोय झाली असती, ती झाली नाही. तिथं गेले असते तर वाचले असते का? डॉक्टर खांदे उडवतात. खात्याला वाटत होतं, धोंडीभाऊंचा कागद झालेला आहेच. ज्यानं सगळ्यांना सही करायला लावली, त्याची नसेल असं कुणाच्या मनात तरी येईल का? "त्यांची सोय चांगली आहे," असं एकमेकांना सांगत माणसं निश्चिंत होती. तो झालेला नाही, हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. त्यात ते कामावर आले त्या शेवटच्या दिवसापासून पाटीच खिळ्यावरून नाहीशी झाली. नवी पाटी दीड-दोन रुपयांत आली असती. पण पाटी लिहायची ती धोंडीभाऊंनी, मग धोंडीभाऊंचं नाव कोण लिहिणार? तो मान आपला नाही, असं प्रत्येकाला वाटत राहिलं. माणसं गेली नाहीत असं नाही. रविवारी मोसंबी घेऊन वीस-वीस जण एकदम जायचे, नर्स ओरडायची, आणि पुढचे सहा दिवस वहिनी एकट्या. चार महिन्यांत मी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "पाटीचं कसं चाललंय रं, कारकून?"

"चाललंय की," मी म्हणालो.

ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले, मग डोळे मिटले. दमले असतील असं मला वाटलं.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी रहाटणीला गेलो. वहिनींनी फडताळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. पाटी होती. वर त्यांचं स्वतःचं नाव, खाली सात वार. सोमवारसमोर 'कारकून'. पुढचे सहा वार कोरे.

"कामावनं आले तवा घेऊन आले व्हते," वहिनी म्हणाल्या. "लिवायला बसले. म्हणले, आपलं नाव आपुनच लिवायचं म्हंजी कसंतरीच वाटतंय. अन् दिली ठिवून."

म्हणजे "चाललंय की" असं मी म्हणालो, तेव्हा पाटी या फडताळात होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी अर्जाचं विचारलं.

"त्यो तर तुमीच भरलाय म्हणले व्हते. नंबर यायला येळ लागतोय, असंच म्हनायचे शेवटपातुर."

धोंडीभाऊंना खरंच तसं वाटत होतं का? मी त्यांच्यासाठी गुपचूप अर्ज भरला असेल, एवढा माझ्यावर त्यांचा भरवसा होता का? की वहिनींच्या जिवाला धीर राहावा म्हणून ते असं सांगत होते? मला कळत नाही. विमा घ्यावा की न घ्यावा, हेही मला आज कुणी विचारलं तर मी गोंधळेन. माझ्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जातात, आणि पाकीट हातात घेताना मला त्यांचा तो निवलेला चहा आठवतो. एवढं मात्र त्या दिवशी केलं. "अर्ज नव्हता भरला, वहिनी," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं. मी बोललो नाही." त्यांनी पाटीवरलं वर्तमानपत्र उचलून त्याची नीट घडी घातली. रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

पाटी त्यांनी मला दिली. खात्यात नेऊन टांगायची हिंमत झाली नाही, ती माझ्या घरी आहे. अक्षरं पुसट झालीत, फडकं मी लागू देत नाही. सोमवारी शिफ्ट सुटली की सायकल आपोआप रहाटणीकडं वळते. तासभर बसतो, वहिनींचं काही काम असलं तर करतो, नसलं तर नुसताच बसतो. परवा त्यांनी विचारलं, "भावजी, आता कशापायी येता दर सोमवारी?"

मी म्हणालो, "माझी पाळी आहे, वहिनी."

त्या उठल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.